वीस हजार फुटांवर

रविवार, १ सप्टेंबर २०२४

लॅबमध्ये एखादा तुटलेला शाफ्ट तपासायला आला की मी आधी वहीत तारीख घालते आणि मगच तुकड्याला हात लावते. या कामालाही वेगळी वही हवी, म्हणून आज ही सुरू केली. घरात कुणाला दाखवायची नाही.

काम असं आहे. एकाहत्तरच्या युद्धात जे वैमानिक परतले नाहीत आणि ज्यांचे मृतदेहही मिळाले नाहीत, त्यांच्या घरच्यांची एक समिती आहे. तिचे चिटणीस विनय वानखेडे अमरावतीहून मला मेल करत असतात. शोध पुन्हा सुरू करावा, असा अर्ज समिती डिसेंबरात देणार आहे. त्याला जोडायला एक तांत्रिक टिपण हवंय. समोरच्यांकडे तेव्हा कोणत्या विमानवेधी तोफा होत्या, त्या किती उंच मारा करायच्या, आणि त्यावरून कोण वाचलेलं असू शकतं. तोफा बऱ्याचशा चिनी होत्या. "ताई, आपल्यात इंजिनिअर तुम्ही एकट्याच," असं विनयनी लिहिलंय. त्यांचे वडील शामराव त्याच यादीत आहेत.

माझे बाबा म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट शैलेंद्र देवस्थळी. ५ डिसेंबर १९७१ला एका कालव्याकाठच्या रेल्वे यार्डावर हल्ला करायला गेले ते गेलेच. मी तेव्हा आईच्या पोटात होते. सरकारी पत्रात एकच शब्द आहे, 'बेपत्ता'. बाकी सगळं आईनं सांगितलेलं. गोळा लागला तेव्हा विमान वीस हजार फुटांवर होतं. सोबतच्या विमानातले अधिकारी घरी येऊन तसं सांगून गेले. वीस हजार फुटांवरून पॅराशूट उघडायला कितीतरी वेळ मिळतो. शाळेत असताना मी वहीच्या मागच्या पानावर त्याचं गणित मांडायची.

आई जूनपासून आमच्याकडे बहारीनला आहे. सत्याहत्तरची झाली. गळ्यात मंगळसूत्र अजून आहे. तिच्या हयातीत तिला काहीतरी पक्कं कळावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

शनिवार, ७ सप्टेंबर

सकाळी गणपती बसवला. दुपारभर तोफा.

मूळ तोफ रशियन, १९३९ची, सदतीस मिलिमीटरची. म्हणजे नळीचं तोंड दोन बोटं शेजारी ठेवली की होतं तेवढं. कोरियाच्या युद्धात चिनी सैनिकांनी ती वापरली, आणि मग त्यांनी ती स्वतःच्या कारखान्यात करायला घेतली. पंचावन्न साली केली म्हणून टाइप ५५. चार चाकं, ट्रकमागे ओढत न्यायची, थांबलं की चाकं वर उचलून जमिनीवर बसवायची. विमानं वेगवान झाली तशी एक नळी पुरेना. पासष्टच्या तोफेला शेजारी शेजारी दोन नळ्या आल्या. चौऱ्याहत्तरच्या तोफेनं मिनिटाला आणखी गोळे टाकायला सुरुवात केली. प्रत्येक तोफ म्हणजे आधीच्या तोफेच्या चुकीला दिलेलं उत्तर. नळी तापते, झिजते, बदलावी लागते. कोणी कोणतं पोलाद वापरलं असेल याचा विचार करत मी तासभर बसले. खरं सांगायचं तर मला ती तोफ आवडायला लागली आहे. हे लिहितानाही बरं वाटत नाही.

महत्त्वाचं पुढे आहे. सदतीसचा उपयोगी मारा तीन हजार मीटरपर्यंत, म्हणजे दहा हजार फूट. त्याच्या वर गोळा आपणच हवेत फुटतो. पण चिन्यांची दुसरी एक तोफ होती, एकोणसाठची, सत्तावन्न मिलिमीटरची. ती रडारला जोडली की सहा हजार मीटरपर्यंत जाते. सहा हजार मीटर म्हणजे वीस हजार फूट. आकडा जुळतो. यार्डावर सत्तावन्नच्या तोफा होत्या एवढं दाखवता आलं की बाबांचं नाव 'शक्यता आहे' या रकान्यात जाईल.

आईला सांगायला स्वयंपाकघरात गेले. ती मोदकाची पारी करत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला बरं वाटतं ना त्यात? मग कर." मग नारळ खवून मागितला. तिला तांत्रिक गोष्टींचा कंटाळाच आहे.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

आमच्या हिद्दच्या लॅबमध्ये शाजिया टेक्निशियन आहे. परवा माझ्या टेबलावर तोफेचं चित्र पाहून म्हणाली, अब्बूंनी ही चालवलीय. ती पाकिस्तानी आहे हे माहीत होतं, पण तिचे वडील तोफखान्यात होते हे आठ वर्षांत कधी निघालं नव्हतं. आज सुट्टी म्हणून नईम भागातल्या तिच्या घरी गेले.

तिचे अब्बू, नुमानचाचा, चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एकोणऐंशीत इथं नोकरीला आले आणि इथलेच झाले. तोफेचं नाव काढताच खुर्चीत पुढे सरकले. तोफेवर आठ जण. एक जण चाक फिरवून डावं-उजवं करायचा, दुसरा वर-खाली, तिसरा पाच-पाच गोळ्यांची क्लिप वरून ठेवत जायचा. दुसऱ्याच्या जागी चाचा. विसाव्या वर्षी. पत्र्याच्या सीटवर बसून बसून मांडीला कसे घट्टे पडले ते सांगताना हसले.

हे सगळं कशासाठी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चिनी तोफांच्या विकासावर लिहिते आहे. बाबांचा विषय काढला नाही. साक्षीदाराला आधीच सगळं सांगितलं की साक्ष वाकते, असं मी मनाला बजावलं. पण त्यांच्या घरचा शीरखुर्मा खाताना ओशाळल्यासारखं झालं.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आईनं आज एकटीनं सगळा स्वयंपाक केला. खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी. केळीचं पान मनामाच्या बाजारातून माझ्या नवऱ्याकडून, गौरवकडून, आधीच आणवून ठेवलं होतं. गच्चीवर पान ठेवलं; इथं कावळे दिसत नाहीत, पारवे आले. पितृपक्षातली तृतीया आहे, आजोबांचं पान, म्हणाली. आजोबांची तिथी एकादशी, मला पक्कं आठवतं. आईचा आता तिथींचा घोळ व्हायला लागलाय. मी दुरुस्त केलं नाही. पारवे खाऊन उडून जाईपर्यंत ती उन्हात उभी राहिली, चाळीस डिग्रीत, छत्रीसुद्धा न घेता.

विनयचा मेल. त्यांना सत्तावन्नच्या तोफेचं कळल्यापासून फार हुरूप आलाय. शामराव नॅव्हिगेटर होते. त्यांचं विमान ७ डिसेंबरला त्याच यार्डावर गेलं होतं. म्हणजे बाबांचं सिद्ध झालं की त्यांचंही होईल.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

आज चाचांना यार्डाचं नाव सांगितलं.

ते ओळखीचं निघालं. त्यांची बॅटरी, म्हणजे तोफखान्याची तुकडी, नोव्हेंबरपर्यंत तिथंच होती. मग ते पुढे हलले आणि त्यांच्या जागी दुसरी बॅटरी आली. तोफा त्याच राहिल्या, नुसती माणसं बदलली. सगळ्या सदतीसच्या, एका नळीच्या. सत्तावन्न आणि रडार मोठ्या विमानतळांपाशी. कालव्याकाठच्या यार्डाला कोण देतं.

मी विचारलं, खात्री आहे? पन्नास वर्षं झाली. त्यांनी मला त्या यार्डाचा नकाशा काढून दाखवला, प्रत्येक तोफेचा खड्डा कुठं होता त्यासह. पाण्याची टाकी, सिग्नलची केबिन, सगळं.

मग मी विचारलं, वीस हजार फुटांवरचं विमान त्यांनी पाडलं असेल का?

"बेटी, बीस हज़ार पर तो हम गोला ज़ाया ही नहीं करते थे," ते म्हणाले. "हम सिर्फ़ उस पर चलाते थे जो नीचे आता था. कभी कभी पायलट का हेल्मेट दिखता था, इतना नीचे."

मी सांगून टाकलं. तारीख सांगितली, नाव सांगितलं. शाजिया चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

चाचांचा गुडघ्यावरचा एक हात गोल गोल हलत होता, जसं काही चाक फिरवतोय. त्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी दुसऱ्या हातानं तो धरून ठेवला. मग म्हणाले, तुझ्या आईला मला एकदा भेटू दे.

मी नाही म्हटलं. जरा मोठ्यानंच. आईच्या समोर हा माणूस जाणार नाही, हेल्मेटचं तर तिच्या कानावरसुद्धा जाता कामा नये. चपला घातल्या आणि निघाले.

गाडीत एसी लावून बसून राहिले. सत्तरीच्या पुढच्या माणसाच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा, हा तांत्रिक प्रश्न आहे. नकाशा काय, कोणीही काढेल.

रविवार, १३ ऑक्टोबर

शाजियाशी कामापुरतंच बोलले. तिचा काय दोष आहे त्यात. तरी.

रविवार, ३ नोव्हेंबर

दिवाळी झाली. टिपण लिहून झालं.

यार्डावर सत्तावन्नच्या तोफा 'असण्याची दाट शक्यता आहे' असं लिहिलंय. चाचांचा उल्लेख नाही. सत्तावीस वर्षांत मी एकाही खोट्या रिपोर्टवर सही केलेली नाही. अस्कर गावच्या ॲल्युमिनियम कारखान्यातली क्रेन तुटली तेव्हा गौरव तिथं नोकरीला असूनही मी लिहायचं ते लिहिलं होतं. आणि आता हे. पण यानं कुणाचं नुकसान होणार आहे? एका म्हाताऱ्या बाईनं त्रेपन्न वर्षं वाट पाहिली, तिनं शेवटपर्यंत पाहावी.

संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पाठवू नकोस हे."

मी विचारलं का. ती म्हणाली, "यादीत आणखी बायका आहेत ना? मी थांबले ते माझं मी बघून घेईन. त्यांना कशाला पुन्हा वाट बघत बसवतेस?"

मी म्हटलं, तुझा आशेवर विश्वास राहिला नाही का? तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्या लेकीच्या, तेजस्वीच्या, क्लासची वेळ झाली म्हणून उठली. थकली आहे ती. पाठवलं नाहीये अजून, ड्राफ्टमध्ये आहे.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

साखीरला एअर शो आहे. विमानं घरावरून गेली. तेजस्वी म्हणाली, "आजी, कम, सो कूल." आई तिच्याबरोबर गच्चीवर गेली. मी नाही गेले, मला जमत नाही. खाली आल्यावर आई म्हणाली, फार सुंदर उडतात.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सगळं क्रमानं लिहिते.

गौरवबरोबर भाजी घेऊन आले तर दारात अनोळखी चपला. आत सोफ्यावर नुमानचाचा, शेजारी शाजिया. समोर आई. चिवड्याच्या बशा, चहा. आईनंच शाजियाला फोन करून बोलावलं होतं. शाजियाचा नंबर तिनं माझ्या फोनवरून घेतला. अब्बूंना आईला भेटायचंय, हे शाजियाचे मेसेजही तिनं तिथंच वाचले असणार, हे मला कळायला हवं होतं.

चाचा उठून उभे राहिले. आईनं त्यांना बसायला सांगितलं आणि मलाही. तिचं हिंदी पुण्याचं, पण अडलं नाही कुठं.

चाचा म्हणाले, "बहन, मैं उस दिन वहाँ नहीं था. पर होता, तो मैं भी चलाता. यही बोलने आया हूँ."

"वो भी तो आप लोगों पर बम गिरानेही आये थे," आई म्हणाली.

मग तिनं विचारलं, इतक्या खाली गोळा लागला तर जमिनीपर्यंत किती वेळ जातो?

चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

"उसको मत देखिए. मुझे बताइए."

"तीन सेकंड, बहन. चार भी नहीं."

"फिर तो उनको समझा भी नहीं होगा."

"नहीं समझा होगा," चाचा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हते. आईनं बशी त्यांच्या पुढं सरकवली. थोडा वेळ सगळे चिवडा खात बसलो. ते गेल्यावर गौरवनं भाजी आत नेऊन ठेवली आणि तेजस्वीला घेऊन बाहेर पडला.

मी आईला विचारलं, इतक्या खाली, असं तू का म्हणालीस? तुला कुणी सांगितलं ते खाली होते?

आईनं सांगितलं. बहात्तरच्या जानेवारीत सोबतच्या विमानातले ते अधिकारी खरंच घरी आले होते. त्यांनी सांगितलं की शैलेंद्र तारांच्या उंचीवर होता, यार्डावर वळताना गोळा लागला आणि विमान सरळ जमिनीत गेलं. पॅराशूट नाही. ते स्वतः वरून फिरून पाहून आले होते. आई तेव्हा चोवीस वर्षांची होती, सातव्या महिन्यात. आत माझी आजी झोपलेली. तिला हृदयविकार होता, डॉक्टरांनी धक्का देऊ नका म्हणून सांगितलेलं. आजी बाहेर आली, काय म्हणाले ते, असं विचारलं, आणि आईच्या तोंडून निघून गेलं की फार उंचावर होता, वाचला असेल.

"वीस हजारच का?" मी विचारलं.

"त्यानं एका पत्रात लिहिलं होतं. वीस हजार फुटांवर फार शांत वाटतं म्हणून."

"आजी ऐंशीत गेली."

"हो."

"मग मला?"

"तू आठ वर्षांची होतीस. वहीत गणितं मांडत होतीस."

"आणि नंतर? मी तीस वर्षांची झाले, चाळीस झाले."

आई म्हणाली, "दर वेळी ठरवायची मी. आणि दर वेळी तू नवीन काहीतरी शोधून आणायचीस, एखादा कैद्यांचा फोटो, कुणाची चिठ्ठी. तुझा चेहरा असा व्हायचा. मग मी म्हणायची, पुढच्या वेळी."

मी मंगळसूत्राकडे पाहिलं. तिच्या ते लक्षात आलं. "सवय," म्हणाली.

मला रडू आलं नाही. राग आला, इतका की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. बावन्न वर्षं माझा बाप कुठल्यातरी तुरुंगात म्हातारा होत होता. त्याचे केस किती पांढरे झाले असतील हे मला ठाऊक होतं. तो माझ्या लग्नाला नव्हता कारण त्याला कुणी सोडलं नव्हतं. आज दुपारी तो सत्तावीस वर्षांचा असताना मेला.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

रजा टाकली. आईनं गरम भात, तूप, मेतकूट कालवून दिलं. पितृपक्षातल्या तृतीयेला तिनं वाढलेलं पान बाबांचं होतं, हे आता लक्षात आलं. जेवले.

गुरुवार, ५ डिसेंबर

टिपण नव्यानं लिहिलं. टाइप ५५ कुठून आली, कशी बदलत गेली, तिला काय जमायचं आणि काय नाही, सगळं लिहिलं. चाचांची साक्ष त्यांच्या नावानिशी घातली, त्यांनी परवानगी दिली. यार्डावर फक्त सदतीसच्या तोफा होत्या. विमानं त्यांच्या माऱ्यात आली म्हणजे खालीच होती. फ्लाइट लेफ्टनंट शैलेंद्र देवस्थळी, वाचण्याची शक्यता नाही.

त्याच्या खालची ओळ लिहायला जास्त वेळ लागला. तेच यार्ड, दोन दिवसांनंतर, त्याच तोफा. शामराव वानखेडे, वाचण्याची शक्यता नाही.

सही केली. दुपारी पाठवलं. तासाभरानं विनयचा मेल आला, एका ओळीचा. "ताई, पुन्हा एकदा तपासून बघाल का?"

उत्तर काय देऊ. तपासलंय.

रविवार, ८ डिसेंबर

लॅबमधून आले आणि कपडे बदलतेय तोच भारतातला नंबर. म्हाताऱ्या बाईचा आवाज, सावकाश. "मी सरिता वानखेडे. विनयची आई. तुम्हीच ते लिहिलं का, बाई?"

मी हो म्हटलं. त्या वाट पाहत राहिल्या. यांना मी तारांची उंची सांगू? तीन सेकंद सांगू? माझ्या हातात असतं तर मी तो रकानाच खोडून टाकला असता. मी म्हणाले, मला माफ करा, जे होतं ते लिहावं लागलं.

आई खुर्चीतून उठून आली. हात पुढं केला. "दे इकडे. मी बोलते."

फोन घेऊन ती खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. चाळीस मिनिटं. मी बाहेर सोफ्यावर बसले. तेजस्वी अभ्यास सोडून माझ्या शेजारी येऊन बसली, आणि काही न विचारता डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. आतलं नीट ऐकू येत नव्हतं. एकदा आई हसल्यासारखं वाटलं. मग पलीकडून त्याच बोलत असाव्यात, कारण आईचा फक्त 'हो' येत होता, मधून मधून.

ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. फोन माझ्या हातात दिला.

"त्यांना माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"बहात्तरपासून. त्यांच्याकडेही कुणी येऊन सांगून गेलं होतं." आई माझ्या दुसऱ्या बाजूला बसली. "विनयला सांगायचं राहिलंय. कसं सांगू, विचारत होत्या. तो अजून लहान आहे, म्हणाल्या."

विनय माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे आहेत.